फॉरमॅट मारण्याआधी केबल काढा

नवी मुंबईतल्या महाप्याच्या एमआयडीसीतून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"आमचा वाहनांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे. ऑफिसात ४० पीसी, एक फायरवॉल (नेटवरची ये-जा गाळणारं यंत्र), एक स्टॅटिक आयपी (ऑफिसचा नेटवरचा न बदलणारा पत्ता). मी मूळचा अकाउंट्सचा, पण आयटीचंही मलाच बघावं लागतं. परवा पुण्याच्या ग्राहक कंपनीचा मेल आला: त्यांच्या व्हेंडर पोर्टलवर रात्री अडीचच्या सुमाराला आमच्या आयपीवरून लॉगिनचे बरेच प्रयत्न झाले. त्या वेळी आमचं ऑफिस बंद असतं. शोधलं तर डिझाइनमधल्या एका मुलाच्या पीसीवर फुकटचं प्रॉक्सी सॉफ्टवेअर (नेटचा व्यवहार दुसऱ्याच्या सर्व्हरमार्गे फिरवणारं) सापडलं. एका परदेशी पुरवठादाराची कॅटलॉगची साइट फायरवॉलमध्ये अडत होती म्हणून टाकलं, मग त्यावर मॅचही बघायला लागलो, असं तो सांगतो. मुलगा सरळ आहे, कामाला चांगला आहे. शेठ म्हणतात, पीसी फॉरमॅट मार, मुलाला काढ, ग्राहकाला 'व्हायरस होता, काढला' असं कळव आणि विषय संपव. पीसी अजून चालू आहे. काय करू?"

नमस्कार,

फॉरमॅट मारू नका. शेठना आजच्या आज एवढं तरी पटवून द्या. ते लॉगिनचे प्रयत्न तुमच्या माणसांनी केलेले नाहीत, हे दाखवणारा सर्वांत भक्कम पुरावा त्या पीसीच्या डिस्कवर आणि मेमरीत आहे. एसएसडी फॉरमॅट केली की ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेले कप्पे लवकरच खरोखर रिकामे होतात. जुन्या हार्ड डिस्कवरून पुसलेला डेटा परत काढता यायचा, इथे तो बहुधा येत नाही. उद्या ग्राहकाच्या वकिलाचं पत्र आलं तर दाखवायला तुमच्याकडे काहीच राहणार नाही.

आता क्रमानं करा. त्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. नेटस्टॅट ही कमांड ए, बी, एन आणि ओ हे चार पर्याय एकत्र देऊन चालवा आणि उत्तर रिकाम्या पेन ड्राइव्हवर फाइलमध्ये साठवा. कोणता प्रोग्राम या घडीला कोणत्या बाहेरच्या पत्त्याशी बोलतो आहे, ते त्यात उतरतं. केबल काढली की हे दुवे तुटतात, म्हणून आधी हे. पण यात दोन मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. जमलं नाही तर सोडून द्या आणि केबल काढा. वायफायही बंद करा. पीसी मात्र बंद करू नका, कारण बंद केला की मेमरीतलं सगळं जातं.

मग मेमरीची प्रत घ्या. एफटीके इमेजर हे साधन फुकट मिळतं. ते दुसऱ्या, स्वच्छ पीसीवरून बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या आणि तिथूनच चालवा. १६ जीबी रॅम असेल तर फाइलही साधारण तेवढीच होते. ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल त्यावर मावत नाही आणि काम अर्ध्यात फसतं. ड्राइव्ह एनटीएफएस किंवा एक्सएफएटी असू द्या.

पीसी चालू आहे तोवर काही पडद्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली डेटा युसेज आहे. गेल्या ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रामनं किती डेटा वापरला ते तिथे दिसतं. शेजारच्याच प्रॉक्सीच्या पानावर हातानं भरलेला पत्ता किंवा सेटअप स्क्रिप्ट आहे का ते पाहा. इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेनुसार लावा. टास्क शेड्युलर उघडून लॉगिन होताच सुरू होणारी अनोळखी कामं शोधा. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ७०४५ क्रमांकाच्या नोंदी पाहा. नवी सर्व्हिस बसवली गेली की ही नोंद पडते. ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनची यादीही घ्या.

आणखी एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: विंडोजमधला विश्वासार्ह रूट सर्टिफिकेटांचा साठा, म्हणजे कोणाच्या सहीवर साइट खरी मानायची त्याची यादी. काही प्रॉक्सी आणि 'नेट वेगवान करणारी' सॉफ्टवेअर तिथे स्वतःचं सर्टिफिकेट घुसवतात. तसं झालं की बँकेच्या साइटवर कुलपाचं चिन्ह दिसत असतानाही मधला प्रोग्राम सगळं उघडं वाचू शकतो. लेनोव्होच्या काही लॅपटॉपांवर कारखान्यातूनच आलेल्या सुपरफिश या जाहिरातींच्या सॉफ्टवेअरनं हेच केल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. वर सगळ्या लॅपटॉपांवर त्या सर्टिफिकेटची खाजगी (गुप्त) चावी एकच होती, त्यामुळे ती ज्याच्या हाती लागेल त्याला त्यांतल्या कोणत्याही लॅपटॉपला फसवता आलं असतं. शेजारच्या स्वच्छ पीसीवरचा साठा उघडून दोन्ही याद्या ताडून पाहा. जे नाव फक्त या पीसीवर आहे, ते संशयित.

शेवटी डिस्क. तिची नक्कल करत बसण्यापेक्षा एसएसडी काढून बाजूला ठेवा आणि मुलाला नव्या एसएसडीवर विंडोज टाकून द्या. मात्र काढण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते पाहा. विंडोज ११ मध्ये ते कित्येकदा आपोआप चालू झालेलं असतं आणि रिकव्हरी की नसेल तर काढलेली डिस्क कायमची कुलूपबंद राहते. की लिहून घ्या, पीसी बंद करा, डिस्क काढून पाकिटात घाला. पाकिटावर डिस्कचा सिरियल नंबर, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या.

आता 'एवढं काय त्यात, मॅच तर बघितली' या मुद्द्याकडे येऊ, कारण शेठ हाच प्रश्न विचारणार.

प्रॉक्सीच्या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि तिघींचा धोका सारखा नाही. पहिली, साधा बोगदा: पीसीवरचा सगळा व्यवहार एन्क्रिप्ट होऊन कुठल्या तरी सर्व्हरवर जातो आणि तिथून पुढे. तुमचा फायरवॉल, वेबसाइट गाळणी, डीएनएसवरची (साइटच्या नावावरून पत्ता शोधण्यावरची) नजर, सगळं बाजूला राहतं. तो सर्व्हर चालवणाऱ्याला तुम्ही उघडलेल्या साइटींची यादी मिळते आणि एन्क्रिप्ट न केलेलं जे असेल तेही. दुसरी, ब्राउझरचं एक्स्टेन्शन. बसवताना 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' अशी परवानगी ते मागतं आणि लोक देऊन टाकतात. मग नेट बँकिंगचं पान असो की ग्राहकाचं पोर्टल, त्या पानावरचं सगळं त्याला दिसतं.

तिसरी गोष्ट तुमच्या पत्रातल्या लक्षणांशी जुळते. या प्रकारात फुकट सेवेच्या बदल्यात तुमचं कनेक्शन इतरांना भाड्यानं दिलं जातं. पीसीवरचा प्रोग्राम बाहेरच्या एका सर्व्हरशी ४४३ पोर्टवर (सुरक्षित वेबसाइटींचा नेहमीचा दरवाजा) दुवा जोडतो आणि तो तासन् तास धरून ठेवतो. इमारतीचा वॉचमन आत येणाऱ्याला अडवतो, बाहेर जाणाऱ्याला विचारत नाही. साधारण बसवलेला फायरवॉलही तसाच. आतून निघालेला दुवा, त्यात पोर्ट नेहमीचा, म्हणून तो जाऊ देतो. त्याच दुव्यावरून कुठल्यातरी देशातला गिऱ्हाईक आपली मागणी पाठवतो आणि ती तुमच्या पीसीतून, तुमच्या आयपीवरून जगात बाहेर पडते. रात्री अडीचला ग्राहकाच्या पोर्टलवर बहुधा हेच झालं.

हे काल्पनिक नाही. २०१५ मध्ये होला या लोकप्रिय फुकट व्हीपीएनच्या (वर सांगितलेल्या बोगद्यासारखी सेवा) वापरकर्त्यांचं कनेक्शन लुमिनाटी या सेवेतून विकलं जात असल्याचं उघड झालं. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं ९११ एस५ नावाचं जाळं मोडून काढलं. त्यात जगभरातले १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते अडकले होते. ते पसरलं होतं फुकट व्हीपीएनमधून, आणि एफबीआयनं त्यातली नावं जाहीर केली: मास्क व्हीपीएन, ड्यू व्हीपीएन, पॅलाडिन व्हीपीएन, प्रॉक्सी गेट, शील्ड व्हीपीएन आणि शाइन व्हीपीएन. यातलं एखादं तुमच्या चाळीस पीसींपैकी कुठेही आहे का ते जरूर शोधा.

यातली खरी काळजीची बाब म्हणजे तुमचा स्टॅटिक आयपी हाच अनेक ठिकाणी तुमचा ओळखीचा पुरावा आहे. ग्राहकाचं पोर्टल कदाचित फक्त नोंदवलेल्या आयपींनाच आत घेत असेल. बँकेच्या कॉर्पोरेट नेट बँकिंगला अशी अट लावता येते. ई-इनव्हॉइसची थेट एपीआय जोडणी (सॉफ्टवेअर ते सॉफ्टवेअर) घेतली असेल तर तिथेही आयपी नोंदवावा लागतो. ज्या अनोळखी माणसानं तुमच्या पीसीतून बाहेर पडायचा रस्ता विकत घेतला, त्याला हे सगळे दरवाजे अर्धे उघडे मिळतात. पासवर्ड तेवढा बाकी.

शिवाय तो प्रोग्राम तुमच्या नेटवर्कच्या आत बसलेला आहे. प्रॉक्सी सेवा चालवणाऱ्यानं आतल्या पत्त्यांकडे, म्हणजे १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांकडे, जाणाऱ्या मागण्या अडवल्या नसतील तर बाहेरच्या गिऱ्हाइकाला तुमचा टॅलीचा सर्व्हर, ड्रॉइंग ठेवलेला एनएएस (नेटवर्कवरचा सामायिक साठा), सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, राउटरचं लॉगिन पान, सगळं हाताशी येतं. आणि डीव्हीआरचे पासवर्ड किती ऑफिसांत अजून बसवणाऱ्यानं ठेवलेलेच असतात! तुमच्याकडे काय आहे ते आजच बघा.

तिसराच प्रकार आहे की नाही, हे फायरवॉलच्या लॉगमधून कळेल. त्या पीसीचा आतला आयपी निवडा आणि रात्री ११ ते सकाळी ६ एवढंच बघा. माणूस नेट वापरतो तेव्हा डाउनलोड जास्त आणि अपलोड कमी असतो. भाड्यानं दिलेल्या पीसीत दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात, कारण साइटवरून जे उतरतं तेच लगेच गिऱ्हाइकाकडे चढवलं जातं. सरासरी अवघा २ एमबीपीएस वेग धरला तरी सात तासांत एका दिशेनं ६ जीबीच्या वर डेटा जातो. समोर कोणी बसलेलं नसताना डिझाइनच्या पीसीनं एवढं पाठवण्याचं दुसरं साधं कारण ऑनलाइन बॅकअप असू शकतं, तेवढं तपासून घ्या. याच पद्धतीनं बाकीचे ३९ पीसीही बघा. कॉन्फरन्स रूममधल्या टीव्हीला स्वस्तातला, नाव न ऐकलेला अँड्रॉइड बॉक्स जोडलेला असेल तर तोही. असे काही बॉक्स कारखान्यातूनच प्रॉक्सीचं मालवेअर घेऊन येतात, याबद्दल एफबीआयनं जून २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० या जाळ्याचं नाव घेऊन जाहीर इशारा दिला होता.

लहान फायरवॉलमध्ये जागा थोडी असते आणि लॉग काही दिवसांत पुसले जातात. म्हणून आजच ते बाहेर उतरवून ठेवा. राउटर किंवा फायरवॉलवर यूपीएनपी (आतल्या प्रोग्रामना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) चालू असेल तर बंद करा आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या वाटांच्या, यादीत तुम्ही न घातलेलं काही आहे का तेही बघा.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ पीसीवरून. त्या मुलाच्या ब्राउझरमध्ये जे जे साठवलेलं होतं ते सगळं: मेल, ग्राहकाचं पोर्टल, एनएएस. आणि पासवर्ड बदलून थांबू नका. चोरलेली कुकी (ब्राउझरमधली लॉगिनची खूण) हाती असली तर काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यावरही जुनं लॉगिन चालू राहतं, म्हणून 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' हेही करा. मेलमध्ये कुणी आपोआप फॉरवर्ड करणारा नियम घालून ठेवला नाही ना, ते पाहा. त्या पीसीला कधी डिजिटल सिग्नेचरचा टोकन लावला होता का, हे विचारा. टोकनमधली चावी बाहेर निघत नाही. पण टोकन लावलेला असताना पीसीवरचं मालवेअर त्याच्याकडून सही करून घेऊ शकतं. पिन बदला आणि त्या काळातलं जीएसटी आणि एमसीए (कंपनी व्यवहार मंत्रालय) यांवरचं फाइलिंग तपासा.

आता कळवण्याचं. 'व्हायरस होता, काढला' हे वाक्य ग्राहकाला पाठवू नका. त्यांच्या सुरक्षेच्या माणसांकडे वेळ आणि आयपीसकट लॉग आहेत आणि असं मोघम उत्तर त्यांचा संशय वाढवतं. मिळालेलं सगळं सांगा: एका पीसीवर अनधिकृत प्रॉक्सी सापडलं, अमुक तारखेला अमुक वाजता तो नेटवर्कपासून तोडला, डिस्क जपून ठेवली आहे, फायरवॉलचे लॉग सोबत देत आहोत, आमच्या खात्यांचे पासवर्ड बदलले आहेत, पुढची खात्री होईपर्यंत आमचा आयपी तुमच्या परवानगीच्या यादीतून काढून ठेवा. शेवटची ओळ लिहायला जड जाईल, काम एक-दोन दिवस अडेल, पण ती लिहा. पुरवठादारानं स्वतःहून असं सांगणं ग्राहकाच्या नजरेत फार मोलाचं असतं.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. यंत्रणेत अनधिकृत प्रवेश, मालवेअर अशा घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. म्हणजे तुमचं घड्याळ ग्राहकाचा मेल आला तेव्हाच सुरू झालं. वेळ उलटून गेली असली तरी आजच कळवा. सर्ट-इनच्या फॉर्ममधला प्रत्येक रकाना भरता येत नसेल तर हाती आहे तेवढी माहिती द्या, उरलेली नंतर. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याची आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवण्याची अट आहे. घड्याळाची अट किरकोळ वाटते, पण फायरवॉल सात मिनिटं मागे असेल तर ग्राहकाच्या लॉगमधली अडीचची नोंद तुमच्या लॉगशी जुळवताना घाम फुटतो. लॉगसाठी एखाद्या जुन्या पीसीवर सिसलॉग सर्व्हर (लॉग गोळा करून साठवणारा) बसवला तरी चालतो. बँकेतून पैसे गेल्याचं दिसलं तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पोलिसांत द्यायचं ठरलं तर नवी मुंबईचं सायबर पोलीस ठाणं आहे, आणि महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय तर तुमच्या महाप्यातच आहे.

पुढच्या बंदोबस्ताबद्दल. फायरवॉलमध्ये ॲप्लिकेशन कंट्रोलखाली प्रॉक्सी किंवा टनेल असा गट असतो, तो अडवा. वेब फिल्टरमध्ये 'प्रॉक्सी अव्हॉयडन्स' असेल तर तोही. आतून बाहेर जाताना सगळं खुलं ठेवण्यापेक्षा लागतील तेवढेच पोर्ट खुले ठेवा. १०८०, ११९४, १७२३ आणि ५१८२० हे प्रॉक्सी-व्हीपीएनचे नेहमीचे पोर्ट त्यात आपोआप बंद होतात. यूडीपी ४४३ सुद्धा बंद करा (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती). ब्राउझर मग टीसीपीवर येतो आणि फायरवॉलला निदान साइटचं नाव दिसतं. पण नुसत्या पोर्टवर विसंबू नका, कारण हल्लीची बहुतेक साधनं टीसीपी ४४३ मधूनच जातात.

म्हणून खरा बंदोबस्त पीसीवरच हवा. कर्मचाऱ्यांचे ॲडमिन अधिकार काढा, मात्र त्यानं काम पूर्ण होत नाही. अशी पुष्कळ सॉफ्टवेअर वापरकर्त्याच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये बसतात आणि त्यांना ॲडमिनचा पासवर्ड लागतच नाही. विंडोजमधलं ॲपलॉकर नेहमीच्या नियमांसह लावलं तर फक्त प्रोग्राम फाइल्स आणि विंडोज या फोल्डरांतलंच चालतं, बाकीचं अडतं. आधी दोन आठवडे नुसत्या ऑडिटवर (न अडवता फक्त नोंद) ठेवा. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचे काही तुकडे विचित्र जागी राहतात आणि थेट लागू केलंत तर पहिल्याच सकाळी सगळं डिझाइन खातं ठप्प होईल. ॲप्लिकेशन आयडेंटिटी ही सर्व्हिस चालू नसेल तर नियम लावूनही काही अडत नाही, हे विसरलं जातं.

क्रोममध्ये पॉलिसीनं सगळी एक्स्टेन्शन बंद करून लागतील तेवढीच परवानगीच्या यादीत घाला. कर्मचारी ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःच्या खाजगी जीमेलनं लॉगिन करतात तेव्हा सिंक चालू असेल तर घरच्या पीसीवरची एक्स्टेन्शनही मागोमाग येतात. ऑफिसच्या पीसीवर ते लॉगिन बंद ठेवा. मॅच आणि खाजगी मोबाइलसाठी वेगळं गेस्ट वायफाय द्या, वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कचा वेगळा पाडलेला भाग), आणि शक्य झालं तर वेगळ्या ब्रॉडबँडवर, म्हणजे ग्राहकाकडे नोंदवलेला आयपी त्यात अडकत नाही.

राहिला तो मुलगा. त्याला काढू नका असंच आमचं मत आहे, आणि ते केवळ दया म्हणून नाही. कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या साइटवरून, कोणत्या तारखेला, बसवताना काय काय विचारलं आणि त्यानं कशाला हो म्हटलं, आणखी कोणाला त्याची लिंक दिली, हे सगळं आज फक्त त्यालाच माहीत आहे. नोकरी जाणार असं कळलं की तो यातलं निम्मं सांगणार नाही. आणि बाकीच्या ३९ जणांपैकी ज्यांनी असंच काही टाकलं असेल ते रातोरात गुपचूप काढून टाकतील, पुराव्यासकट. शेठना पोलीस तक्रारीची घाई असेल तर वकिलाला आधी विचारा. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरायला कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलेलं असावं लागतं. त्याच्याकडून लेखी, तारखांसह निवेदन घ्या आणि सर्वांना एक आठवड्याची मुदत द्या: जे काही बसवलं असेल ते स्वतःहून सांगा, कारवाई होणार नाही, पण स्वतः काढू नका, आम्ही येऊन बघू.

त्याला ज्या कॅटलॉगच्या साइटसाठी हे करावं लागलं, ती मात्र अजूनही अडलेलीच असेल. फायरवॉलच्या लॉगमध्ये ती कोणत्या गटात मोडून अडली ते पाहा. चुकीच्या गटात टाकलेली असेल तर फायरवॉल कंपनीकडे गट बदलण्याची विनंती करता येते. तोवर फक्त डिझाइनच्या पीसींसाठी त्या एका पत्त्याचा अपवाद करा, त्यावर मागणाऱ्याचं नाव आणि ९० दिवसांची मुदत लिहा. पुढच्या वेळी अशी मागणी कोणाकडे करायची आणि उत्तर किती तासांत मिळेल, ते नोटीस बोर्डावर लावा. चार तासांच्या आत मिळावं. दोन-दोन दिवस लागायला लागले तर लोक पुन्हा फुकटचं काहीतरी शोधतील.